टाकी सील करताना: वाचकांच्या शंका

दोन आसनी विमानाचं किट घेतलंय. पंखातल्या रिव्हेटने जोडलेल्या इंधनाच्या टाक्या जुलैत सील करू का? आमच्याकडे तेव्हा भिंतीही ओल्या असतात. (खानापूर)

नका करू. पॉलिसल्फाइड सीलंटला (फटी बुजवणाऱ्या रबरासारख्या लेपाला) दमट हवेचं वावडं नाही, उलट ते दमटपणात लवकर आवळतं. अडचण पत्र्याची आहे. गार अल्युमिनियमवर न दिसणारं दव धरतं आणि मग सीलंट पत्र्याला चिकटतच नाही. दिवाळी होऊ द्या. थंडीत ते आवळायला जास्त दिवस घेईल, घेऊ द्या.

डब्यावर ‘बी-२’ असेल. बी म्हणजे लांबीसारखं (पुट्टीसारखं) घट्ट, आणि २ म्हणजे मिसळल्यावर लावायला हाताशी २ तास. हे तास २५ अंशांना धरलेले असतात. मे महिन्यातल्या दुपारी ३५ अंशांत निम्म्याहूनही कमी उरतात. बेस आणि हार्डनरचं प्रमाण बहुधा वजनाने १०:१ असतं, पण डब्यावरचं वाचा आणि डिजिटल काट्यावर तोला. चमच्याचा अंदाज नको. पांढऱ्यात काळं मिसळून एकसारखा राखाडी रंग यायला हवा, रेघ दिसली तर अजून घोटा.

नवे लोक सीलंटच्या ब्रँडवरून वाद घालतात. गळती मात्र बहुतेक वेळा साफसफाईत ठरलेली असते. जोडाची जागा स्कॉच-ब्राइटने खरवडा, मग एमईके (तेल विरघळवणारं द्रावक) किंवा अ‍ॅसिटोनने पुसा, आणि ते उडून जायच्या आत कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपा. आपोआप वाळू दिलंत तर विरघळलेलं तेल तिथंच परत बसतं. फडकं पांढरं निघेपर्यंत हेच. नंतर त्या जागी उघडं बोट लावायचं नाही. दारं-खिडक्या उघड्या, हातात नायट्राइलचे मोजे, आणि जवळपास ठिणगी नको.

सिलिकॉन किंवा एम-सील चालेल? स्वस्तात होईल. (निपाणी)

नाही. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जातात. एम-सील कडक होतं. पत्रा लवला की तडकतं.

गळती तपासायला कॉम्प्रेसर लावू का? (चिकोडी)

लावलात तर टाकी फुगून शिवणी उसवतील. दाब १ पीएसआयच्या (चौरस इंचाला एक पौंड) वर जाऊ द्यायचा नाही. आकडा किरकोळ वाटतो, पण अर्ध्या चौरस मीटर पत्र्यावर तो साडेतीनशे किलोंचा रेटा होतो! पारदर्शक नळी यू आकारात बांधा, तिच्यात पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा, सायकलच्या पंपाने हळूहळू हवा द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक म्हणजे १ पीएसआय. मग प्रत्येक रिव्हेटवर साबणाचं पाणी.

रात्रीतून पातळी उतरली म्हणून लगेच टाकी उघडू नका. आतली हवा एका अंशाने गार झाली तरी फरक सुमारे साडेतीन सेंटिमीटरने घटतो. थर्मामीटर शेजारी ठेवा. बुडबुडा सापडलाच तर बाहेरून थापू नका. टाकीच्या मागच्या पडदीला (पाठच्या पत्र्याला) भोक पाडून आतून सीलंट लावा, मग झाकणपट्टी बसवा.

इंजिन रोटॅक्स ९१२ आहे. पंपावरचं पेट्रोल घालू का? (हुक्केरी)

तुमच्या भागात उसाचे कारखाने इथेनॉल काढतात, तेव्हा प्रश्न नाजूक! पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या इंजिनाला मान्यता आहे १० टक्क्यांपर्यंतच. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं; जास्त पाणी शिरलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. फायबरची टाकी असेल तर तिचं रेझिन इथेनॉलला टिकतं का, हे आधी विचारा.

तपासणी सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल हलवून ठेवा. खालच्या थराची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १९ च्या पुढे चढली तर इथेनॉल १० टक्क्यांहून जास्त आहे, ते पेट्रोल मोटारसायकलला घाला.