संगणक सतत बंद पडतो, दुकानदार म्हणतो वॉरंटी संपली

प्रश्न : सीताबर्डीच्या एका दुकानातून चौदा महिन्यांपूर्वी आम्ही ६२,००० रुपयांना असेंबल केलेला संगणक घेतला. मुलाचा अभ्यास आणि यजमानांचे घरून चालणारे आयकर विवरणपत्रे भरण्याचे काम त्यावरच होते. आठव्या महिन्यापासून तो मध्येच बंद पडू लागला. दुकानदाराने दोनदा ठेवून घेऊन विंडोज नव्याने टाकून दिले, पण दोष तसाच आहे. आता ते म्हणतात की तुमच्या घरचे व्होल्टेजच खराब आहे आणि वर्षाची वॉरंटीही संपली. पैसे परत मिळतील का? – एक वाचक भगिनी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपली बाजू आपल्याला वाटते तितकी कमकुवत नाही; मात्र संगणक का बंद पडतो हे कागदावर येण्याआधी दावा दाखल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तूत दोष आहे हे दाखवण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची असते, आणि दुकानदाराने वीजपुरवठ्याकडे बोट दाखवल्यामुळे आपल्या प्रकरणाचा सारा निकाल याच एका प्रश्नावर अवलंबून राहणार आहे.

म्हणून संगणक काही दिवस दुसऱ्या वस्तीतील नातेवाइकांकडे चालवून पाहावा. तेथेही तो बंद पडला, तर व्होल्टेजचा बचाव बराचसा गळून पडतो. तेथे तो सुरळीत चालला, तर महावितरणकडे लेखी अर्ज करून घरचा दाब तपासून घ्यावा, कारण दाब खरेच खराब निघाल्यास दुकानदाराविरुद्धची तक्रार टिकणार नाही. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत, अशा प्रत्येक प्रसंगी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वेळेसह उमटते. ती केवळ संगणक नीट बंद न होता थांबला एवढेच सांगते, कारण सांगत नाही. तरीही दोष किती वेळा आणि केव्हा आला याचा तो उत्तम पुरावा आहे. विंडोज पुन्हा टाकले की या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे आपल्याकडे प्रत काढून ठेवल्याशिवाय यंत्र पुन्हा दुरुस्तीला देऊ नये. त्यानंतर एखाद्या जाणकार तंत्रज्ञाकडून एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), प्रोसेसरचे तापमान, पंखा आणि रॅम तपासून सहीशिक्क्याचा अहवाल घ्यावा. नागपूरच्या मे महिन्यात धुळीने भरलेला पंखाही यंत्र बंद पाडू शकतो, आणि कारण तेवढेच निघाले तर तो उत्पादनदोष ठरणार नाही, हे मी आपल्याला आधीच सांगून ठेवतो. तपासणीसाठी कॅबिनेट उघडण्यापूर्वी दुकानदाराला लेखी कळवावे आणि सील असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे ‘बाहेरच्याने हात लावला’ ही सबब उरणार नाही.

वॉरंटीबाबत दुकानदाराचे म्हणणे मला मान्य नाही. दोष आठव्या महिन्यात, म्हणजे मुदतीतच, दिसला आणि त्यांनी यंत्र दोनदा ठेवून घेतले. त्या वेळच्या जॉबशीट (दुरुस्तीसाठी यंत्र घेतल्याच्या पावत्या) किंवा व्हॉट्सॲपवरील संदेश आपल्याकडे असतील, तर मुदतीत नोंदवलेला आणि दूर न झालेला दोष वर्ष उलटल्यामुळे नाहीसा होत नाही. शिवाय असेंबल केलेल्या संगणकात मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस यांच्या कंपन्यांच्या वॉरंटी वेगवेगळ्या असतात आणि त्या पुष्कळदा वर्षापेक्षा अधिक काळाच्या असतात, तेव्हा बिलावरील सिरियल क्रमांक पडताळून पाहावेत. ‘मी फक्त भाग जोडले’ असेही त्यांना म्हणता येणार नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(२४) नुसार इतरांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही उत्पादकच असतो.

यजमानांच्या कामाचा मुद्दा समोरची बाजू नक्की उचलेल. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू हा व्यापारी वापर मानला जात नाही, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे. तक्रारीत ही बाब न लपवता नमूद करावी.

अहवाल हाती आल्यावर दुकानदाराला स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि सदोष भाग बदलून द्यावा अथवा किंमत परत करावी, अशी मागणी करावी. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आधी आपल्याला भरावा लागतो. निकालासाठी कायद्याने तीन महिने, आणि तपासणी असल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. संपूर्ण किंमत परत मिळेलच असे नाही. एकच भाग सदोष निघाल्यास तो बदलून देण्याचा आणि मनस्तापाबद्दल काही भरपाईचा आदेश अधिक संभवतो.

तक्रारीची मुदत कलम ६९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती दुकानदाराने नकार दिल्याच्या दिवसापासून न मोजता दोष प्रथम दिसला तेव्हापासून मोजावी. त्या हिशेबाने आपल्याकडे अजून साधारण दीड वर्ष आहे. तरी यंत्र दुसरीकडे चालवून पाहण्याचे काम याच आठवड्यात सुरू करावे.