पद्मिनीच्या हेडवर ३८ हजार : एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

प्रश्न : वडिलांच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उघडलं आहे. बोअर, पिस्टन, बेअरिंगवर ६२ हजार गेले. आता हेडमध्ये (सिलिंडरवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणात) दोन वॉल्व्ह सीटच्या (वॉल्व्ह टेकतो त्या कड्यांच्या) मधोमध तडा निघाला. पाण्याच्या भोकांशी ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय आणि हेड पाव मिलिमीटर वाकलंय. दुरुस्तीचा अंदाज ३८ हजार : तपासणी २,५००, आर्गन वेल्डिंग ८,५००, उरलेले २७ हजार फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), सीट, गाइड, वॉल्व्ह, गॅस्केट आणि मजुरीचे. जुनं हेड १६ हजारांत मिळतंय. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं तर ९० हजार. हातात पगार ७८ हजार, हप्त्यासह घरखर्च ५५ हजार, एसआयपी १० हजार, एफडी २ लाखांची. एफडी मोडू की १४ टक्क्यांनी कर्ज काढू?

उत्तर : दोन्ही नको. दुरुस्ती करा, पण महिन्याच्या शिलकीतून आणि टप्प्याटप्प्याने.

गेलेले ६२ हजार या हिशेबात धरू नका. हेड केलं काय, न केलं काय, ते परत येणार नाहीत. तुमची एफडी म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांचा घरखर्च. सहा महिन्यांचे ३ लाख ३० हजार हवेत, म्हणजे ती आधीच तोकडी आहे. कर्जाचं म्हणाल, तर दुरुस्ती आणि वरचा राखीव खर्च धरून काढलेल्या ५० हजारांवर दोन वर्षांत साधारण ७,६०० रुपये व्याज जाईल, प्रक्रिया शुल्क वेगळं. एसआयपी चालू ठेवूनही महिन्याला १३ हजार उरतात; चार महिन्यांत ५२ हजार होतात. हेड चार महिने बाकावर पडून राहिलं तरी बिघडत नाही. फक्त सिलिंडरला तेल लावून ब्लॉक झाकून ठेवायला सांगा, नाहीतर नव्या बोअरला गंज धरेल.

१६ हजारांचं जुनं हेड स्वस्त वाटतं, पण तसं नाही. तेही कधीतरी तापलेलं असणार. त्याची तपासणी २,५००, शिवाय सीट-गाइड-फेसिंगचे तेच २७ हजार. एकूण ४५,५००, म्हणजे दुरुस्तीपेक्षा ७,५०० जास्त. त्यातून आधी दोनदा फेस मारलेलं निघालं तर जाडी कमी भरेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढेल आणि इंजिन ठोकायला लागेल.

पहिल्या महिन्यात फक्त तपासणीचे २,५०० द्या. हेड कॉस्टिकच्या टाकीत बुडवू देऊ नका, ॲल्युमिनियम विरघळतं. रंगद्रव्य लावून तडे शोधायचे, मग पाण्याच्या वाटा पट्टी-रबराने बंद करून गरम पाण्यात हवेचा दाब द्यायचा. आणि कडकपणा मोजून घ्या, बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. मग बोल्टच्या वॉशरखाली ते दबत जातं, पकड सुटते आणि नवं गॅस्केट काहीशे किलोमीटरमध्ये फुंकतं. हेड मऊ निघालं तर वेल्डिंगवर एक रुपयाही घालू नका. तेव्हाच जुनं हेड घ्यायचं. एकूण खर्च ४८ हजार होईल, तोही चार महिन्यांच्या शिलकीत बसतो.

हेड कडक निघालं तर क्रम असा : सीट काढायच्या, तडा तळापर्यंत खोदायचा, हेड आधी तापवून वेल्डिंग, मग पुन्हा दाबाची चाचणी. फेसिंग त्यानंतरच, कारण वेल्डिंगने हेड आणखी वाकतं; आधी फेस मारला तर ते पैसे दोनदा जातात. या इंजिनात कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे वाक म्हणजे मुख्यतः फेसचाच प्रश्न. फेस सपाट होईल इतकंच काढायचं, वर ‘हौसेचा’ कट नको. वेल्डिंगनंतरची चाचणी स्वतः उभं राहून पाहा, बुडबुडा नसेल तरच २७ हजारांचं काम सुरू करायला सांगा.

३८ हजारांपलीकडचे १४ हजार राखीव ठेवा. हेड तापलं कशामुळे, हे न शोधता गाडी जोडली तर वर्षभरात हेच पत्र पुन्हा लिहाल. राखीव पैशांतून हे बघून घ्या : रेडिएटर रॉडिंग (त्याच्या नळ्या आतून साफ करणं), ब्लॉकमधला गाळ, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (बऱ्याच पद्मिनींमधून तो काढून टाकलेला असतो) आणि नळाच्या पाण्याऐवजी कुलंट. ई-२० पेट्रोलवर (२० टक्के इथेनॉलच्या) जुना कार्ब्युरेटर लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) तपासून घ्या, रबरी नळ्या बदला. विम्यातून यातलं काही मिळणार नाही, यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत.

इंजिन बदलण्याचा विचार सोडाच. आरटीओची परवानगी, आरसीत नोंद हवी. ती नसेल तर विम्याचा दावा अडतो. शिवाय २०२८ मध्ये गाडी ५० वर्षांची झाली की व्हिंटेज नोंदणीला पात्र ठरू शकते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते, इंजिनसकट. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

यातला एकही रुपया गुंतवणूक समजू नका. खासगी वापराच्या गाडीवरच्या नफ्याला भांडवली नफा कर लागत नाही खरा, पण तोटाही कशातून वजा होत नाही. हा हौसेचा खर्च आहे आणि तुमच्या शिलकीत तो बसतो.

तपासणीचे पैसे देण्याआधी आरसीची मुदत बघा. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपली असेल तर विलंबशुल्कही लागेल. तसं असेल तर वेळापत्रक एक-दोन महिने पुढे ढकला.