पाचारण आणि पाठटाचण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ख्रिस्ती महाविद्यालयात शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी तुझा प्रवेश निश्चित झाला, हे वाचून आनंद झाला. शिकवणे हे आपले पाचारण, म्हणजे देवाने दिलेली हाक, आहे असे तुला वाटते आणि त्या दृष्टीने प्रशिक्षणाच्या काळात मुख्यतः कशाकडे लक्ष द्यावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर तुला काहीसे रुक्ष वाटेल, पण ते असे की पाचारणाची चिंता सध्या बाजूला ठेव आणि पाठटाचणाची, म्हणजे प्रत्येक तासाच्या लेखी आराखड्याची, कर. तुझी श्रद्धा मुलांपर्यंत पोहोचायची असेल तर ती तुझ्या तयारीतून, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून आणि तपासलेल्या वह्यांमधून पोहोचेल. केवळ गोड बोलण्यातून आणि चांगल्या हेतूंतून ती पोहोचत नाही.

हे मी परंपरेला सोडून सांगत नाही. पोप बारावे पायस यांनी 1950 साली ज्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, ते झाँ-बाप्तिस्त द ला साल (1651–1719) हे फ्रान्समधील रीम्सच्या कॅथेड्रलचे धर्मगुरू होते. मानाचे पद आणि घरची संपत्ती सोडून ते गरीब मुलांच्या शाळांकडे वळले, तेव्हा त्या शाळांतील बहुतेक शिक्षकांना शिकवता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या प्रथम लक्षात आली. म्हणून 1680 च्या दशकात त्यांनी खेड्यांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय केली, वाचनाची सुरुवात लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून करण्याचा आग्रह धरला आणि एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सबंध वर्गाला एकत्र शिकवण्याची पद्धत रुजवली. त्यांच्या शाळांसाठी अनुभवी शिक्षकांशी चर्चा करून जी नियमावली तयार झाली, तिच्यात मुलाने लिहिताना कसे बसावे आणि लेखणी कशी तासावी, इथपर्यंत सूचना आहेत. एक संत लेखणीच्या टोकाचा विचार करतो, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

तेव्हा सूक्ष्म अध्यापनाचे तास सुरू झाले की त्यांची थट्टा करणाऱ्यांत सामील होऊ नकोस. समोर आपलेच पाच-सात सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले असतात, पाच-दहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचे असते आणि सगळेच थोडे नाटकी वाटते, हे खरे आहे. परंतु 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली ती नेमक्या या विचाराने, की अध्यापन हे अनेक लहान कौशल्यांचे मिळून बनते आणि ती सुटी करून सुधारता येतात. प्रश्न विचारल्यानंतर थांबण्याचेच उदाहरण घे. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतील संवादाच्या ध्वनिफिती अभ्यासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे तिला दिसले. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी, ‘कच्ची’ म्हणून बाजूला पडलेली मुलेही बोलू लागतात. धीर धरावा, असे उपासनेत आपण अनेकदा ऐकतो. वर्गात त्याचे माप तीन सेकंद आहे आणि ते पाळणे फार अवघड जाते, कारण शांतता मुलांपेक्षा शिक्षकालाच जास्त बोचते.

टाचण लिहिताना मात्र रंगीत शाईच्या आहारी जाऊ नकोस. उद्दिष्टे, विद्यार्थिकृती, फलकलेखन, मूल्यमापन हे रकाने सुबक अक्षरात भरलेले असूनही, मूल नेमके कुठे अडखळेल याविषयी एक ओळही नाही, अशी टाचणे मी खूप पाहिली आहेत. तो रकाना छापील नमुन्यात नसेल तर तू स्वतः आखून घे. अपूर्णांकांची बेरीज शिकवायची असेल तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले निघणारच, हे आधी लिहून ठेव आणि त्या वेळी तू काय विचारशील, तेही लिही.

आता ख्रिस्ती महाविद्यालयाविषयी. अशा संस्थेत तुला एक गोष्ट बहुधा अधिक आग्रहाने ऐकायला मिळेल, ती म्हणजे प्रत्येक मूल ही देवाची प्रतिमा आहे. हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते तितक्या वेळा त्याचे व्यवहारातील ओझे उचलले जात नाही. हरवलेल्या मेंढराचा दाखला तुला पाठ असेल: नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून मेंढपाळ एकाच्या शोधात जातो. चाळीस मुलांच्या वर्गात तू त्या एकाजवळ जाऊन बसलीस, तर उरलेल्या एकोणचाळीस जणांचे काय? दाखल्यात रानातील मेंढरे शांत चरत असावीत. वर्गात तसे घडत नाही. त्या एकाला दहा मिनिटे द्यायची असतील, तर बाकीच्यांच्या हाती खरोखर डोके चालवावे लागेल असे काम आधीच तयार असले पाहिजे, सूचना फळ्यावर स्पष्ट लिहिलेल्या असल्या पाहिजेत आणि लवकर संपवणाऱ्यांसाठी पुढचा प्रश्न हाताशी हवा. म्हणजे करुणा हा शेवटी नियोजनाचा प्रश्न होतो. ज्या शिक्षकाची तयारी नसते त्याला करुणा परवडत नाही. तो फक्त वर्ग आवरत राहतो आणि मागच्या बाकावरील मुलाची आठवण त्याला घरी गेल्यावर येते.

त्या मुलाला शोधणेसुद्धा शिकावे लागते. आंतरवासितेच्या, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत काम करत शिकण्याच्या, काळात तुला इतरांच्या तासांचे निरीक्षण करायचे असेल. तेव्हा शिक्षकाऐवजी मुलांकडे पाहा. कोणाला एकदाही प्रश्न विचारला गेला नाही, कोण फळ्यावरचे उतरवून घेतो पण वाचत नाही, कोण शेजाऱ्याच्या वहीकडे बघून मगच हात वर करतो, हे टिपून ठेव. निरीक्षण वहीत असे काही लिहिण्याची पद्धत नसेल तर वेगळी वही कर.

अशा महाविद्यालयांत माणसे सहसा एकमेकांना सांभाळून घेतात, आणि एकटे पडण्याच्या वयात हा फार मोठा आधार असतो. त्याच स्वभावाची एक अडचणही आहे. सराव पाठ पाहणारे प्राध्यापक मन दुखावू नये म्हणून ‘छान प्रयत्न’ असा शेरा देऊन मोकळे होऊ शकतात. तू पाठ झाल्यावर स्वतः जाऊन विचार की कोणत्या मिनिटाला वर्ग माझ्या हातून निसटला. दुसरी अडचण ‘सेवा’ या शब्दाच्या आडून येते. आपण सेवा करतो म्हणून थोडी कमी तयारी, थोडे कमी विषयज्ञान चालून जाईल, असा समज नकळत पसरतो. आणि उलट बाजूने, सेवाभाव आहे म्हणून वाटेल तेवढे काम कमी वेतनात लादले तरी चालेल, असे काही संस्थाचालकांनाही वाटू लागते. दोन्ही समज तू नाकार. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, पुष्कळांनी शिक्षक होण्याच्या मागे लागू नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा आहे. त्यात सेवाभावाची सवलत कुठेही दिलेली नाही.

तू विज्ञान शिकवणार आहेस, म्हणून हेही लिहितो. उत्क्रांतीचा पाठ घाईने उरकणे किंवा ‘हे फक्त परीक्षेपुरते’ असे म्हणणे म्हणजे मुलांची फसवणूक आहे. संत ऑगस्टिनने सोळाशे वर्षांपूर्वी बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावले होते की, आकाश, पृथ्वी, प्राणी यांविषयी ज्याला खरी माहिती आहे अशा माणसासमोर ख्रिस्ती मनुष्य धर्मग्रंथाच्या नावाने अज्ञान पाजळू लागला, तर त्याने धर्मग्रंथाचीच बेअब्रू होते. पुरावा काय सांगतो ते पूर्ण शिकव. तुझ्या मनात प्रश्न उरत असतील तर ते महाविद्यालयातील जाणत्या प्राध्यापकांपुढे मांड. तिथे शंका विचारायला जागा असेल, तर ती त्या संस्थेची फार मोठी श्रीमंती समज.

पुढे कदाचित तुला सरकारी शाळेत नोकरी मिळेल आणि तिथे सर्व धर्मांची व कोणताही धर्म न मानणाऱ्या घरांतील मुले असतील. अनेक देशांच्या कायद्यांनी या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत: भारताच्या संविधानाचे अनुच्छेद 28 पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई करते, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली सार्वजनिक शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. वर्गातील मूल उठून जाऊ शकत नाही, त्याचे गुण तुझ्या हातात असतात आणि तुला खूश करण्याची त्याला ओढ असते. अशा श्रोत्याला उपदेश करणे न्यायाचे नाही. कोणी सरळ विचारले, तर मी ख्रिस्ती आहे असे सरळ सांग आणि पाठाकडे वळ.

म्हणून सराव पाठांसाठी मिशनच्याच शाळा मिळत असतील, तर निदान एकदा तरी वेगळ्या व्यवस्थापनाच्या शाळेत पाठवावे, अशी विनंती विभागाकडे कर. आपल्या प्रार्थना आणि आपली गाणी ठाऊक नसलेल्या मुलांसमोर उभे राहिल्यावर, आपल्या अध्यापनातील किती भाग ओळखीच्या वातावरणावर तरला होता, ते चटकन कळते. आणखी एक कोरडी गोष्ट: ज्या राज्यात किंवा देशात शिकवायचे आहे, तिथली नियामक संस्था या पदवीला मान्यता देते का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी तपासून घे. महाविद्यालयाचे नाव मोठे असणे आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या सराव पाठाचे टाचण झाले की मला पाठव. पाठ झाल्यानंतर त्यावर पडलेले शेरेही एकही न गाळता पाठव, आणि ज्या शेऱ्याशी तू सहमत नाहीस त्यापुढे तुझे कारण लिही. तेवढ्यावर आपल्याला पुढच्या पत्रात नीट बोलता येईल.

तुझा शुभचिंतक