मनोऱ्याचे बोल्ट मॉडेलमध्ये कसे दाखवावेत?

प्रश्न : वीजवाहिनीच्या मनोऱ्याच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (रचना छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, विभागून केलेल्या संगणकी मॉडेलमध्ये) प्रत्येक बोल्ट सॉलिड (त्रिमितीय ठोकळ्यांसारख्या) एलिमेंटने दाखवला, तर विश्लेषण संपतच नाही. सोपं कसं करावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अख्ख्या मनोऱ्यात सॉलिड बोल्ट नकोतच. मुख्य पायांना सलग बीम एलिमेंट (वाकणंही सोसणारे दांडे) द्या. ब्रेसिंग (पायांना जोडणारे तिरपे दांडे) एकाच बोल्टवर असेल, तर त्या बोल्टच्या अक्षाभोवतीचं रोटेशन मोकळं सोडा. मात्र सगळे सदस्य (मनोऱ्याचे दांडे) ट्रस, म्हणजे फक्त लांबीच्या दिशेने ताण-दाब घेणारे, करू नका. दुय्यम अँगल (एल आकाराच्या छेदाचे आधाराचे दांडे) एकाच प्रतलात मिळतात तिथे प्रतलाबाहेर धरणारं काहीच उरत नाही आणि स्टिफनेस मॅट्रिक्स (रचनेच्या ताठपणाची सारणी) सिंग्युलर होतो, म्हणजे समीकरणं सुटतच नाहीत. अँगल एकाच बाजूने जोडलेला असल्यामुळे ऑफसेट (जोडाची जागा आणि अँगलची मध्यरेषा यांतलं अंतर) हवाच. तो गाळला की अँगलमधलं वाकण दिसतच नाही.

खरी मेख सांध्याच्या घसरण्यात आहे. एम१६ (१६ मिमी व्यासाच्या) बोल्टचं भोक १७.५ मिमी. बोल्ट दोन्ही भोकांच्या मधोमध असला, तर सांधा एका दिशेने १.५ मिमीपर्यंत सरकू शकतो. शेंड्याचं विस्थापन नेमकं हवं असेल, तर सदस्याच्या टोकाला अक्षीय नॉनलिनिअर स्प्रिंग ठेवा. तिचा बल-विस्थापन आलेख असा : आधी घर्षणाचा ताठ भाग, मग घसरण्याची जवळजवळ आडवी रेघ, शेवटी बेअरिंगचा (बोल्ट भोकाच्या कडेला टेकल्यानंतरचा) ताठ भाग. त्या रेघेला थोडा तरी चढ द्या. शून्य उतारावर सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) अडकतो. बोल्टचं शिअर (आडवं कापलं जाणं) आणि बेअरिंग मात्र सदस्यातलं बल घेऊन वेगळं, हातानेच तपासा.