नवरा कमांडो आहे, पण मला काहीच सांगत नाही

"मॅडम, लग्नाला सहा वर्षं झाली. हे कुठे असतात, काय करतात, मला आजपर्यंत ठाऊक नाही. माझ्यावर विश्वासच नाही का यांचा?"

महूची लष्करी छावणी इंदूरला लागूनच असल्यामुळे फौजी घरांतल्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येत असतात. बदल्या, मुलांच्या शाळा, सासरची कुरबूर असे त्यांचे विषय. वरचा प्रश्न विचारणारीचा नवरा पॅरा स्पेशल फोर्सेस (पॅरा एसएफ) या लष्कराच्या कमांडो दलात हवालदार. मुलाला घेऊन ती सासू-सासऱ्यांजवळ इंदुरात राहते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न मला नौदलाच्या मार्कोस या कमांडो दलातल्या एका जवानाच्या बायकोनेही विचारला होता, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

या हवालदाराचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा यायचा. "बरा आहे. पोरगा जेवला? आईचं बीपी? ठेवतो." संपलं. फोन ठेवल्यावर ती एका वहीत लिहायची, मागे वारा होता की जनरेटरचा आवाज, कोणी कुठल्या भाषेत हाक मारली. त्यावरून जागा ओळखायचा प्रयत्न. चकमकीची बातमी आली की सासूबाईंना जाग येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून रात्रभर खालची पट्टी वाचत बसायची. वही तिने मला दाखवली, तेव्हा तिचे हात थरथरत होते.

आणि सुट्टीचं दुःख निराळंच. "मी कपाटातला एक खण रिकामा करून ठेवते. हे बॅग उघडतच नाहीत हो. रोजचे कपडे बॅगेतूनच काढायचे, धुऊन आले की घडी घालून परत बॅगेतच. पाहुण्यासारखे राहतात."

तिला आधी त्या नोकरीचं स्वरूप समजावून सांगणं मला गरजेचं वाटलं, कारण घरात कोणीच ते सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना अभिमान होता, पण माहिती नव्हती. पॅरा एसएफमध्ये कोणाला ढकलत नाहीत, माणूस आपणहून नाव देतो. मग काही महिन्यांचं प्रोबेशन. झोप, अन्न, पाणी तोडून शरीर आणि डोकं दोन्ही पारखतात. टिकले नाहीत ते आपल्या मूळ युनिटला परत जातात, आणि अशांची संख्या मोठी असते. छातीवर बलिदान बॅज, म्हणजे पॅरा एसएफची खास खूण, लागतो तो यानंतर. काम करायचं ते थोड्या माणसांच्या तुकडीत, शत्रूच्या भागात, जिथे मदत पोचायला वेळ लागतो. तिथे शत्रूला पत्ता नसणं हेच त्यांचं चिलखत. 29 सप्टेंबर 2016 ला डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, पत्रकार परिषद घेतली तेव्हा देशाला कळलं की आदल्या रात्री आपले जवान नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई करून आले. ते पॅरा एसएफचे होते. त्यांच्याही घरी त्या रात्री कोणाला काही माहीत नव्हतं.

शिवाय 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. बायकोसाठी त्यात वेगळी सवलत नाही. काही जोडपी फोनवर सांकेतिक शब्द ठरवतात, 'आत्याकडे जातोय' म्हणजे अमुक ठिकाण, वगैरे. हिनेही विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. फोन ऐकणारा तिसरा असू शकतो, आणि किंमत त्याच्या तुकडीला मोजावी लागेल. त्याच कारणाने नवऱ्याचा वर्दीतला फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीवरून काढायला सांगितलं. तो तिने तिथल्या तिथे काढला.

पण एवढ्याने माझं काम संपत नव्हतं. नवरा दोन प्रकारे गप्प होता आणि तिने दोन्हींची एकच गाठ मारली होती. मोहिमेबद्दल बोलायचं नाही, हा नियम. त्याला हात लावायचा नाही. मात्र गुडघा दुखतो का, झोप लागते का, कोणाशी बिनसलंय का, घरची कुठली गोष्ट आठवते, यावर कुठलीच बंदी नाही. 'कुठे आहात' हा पहिला प्रश्न आला की तो सावध व्हायचा आणि उरलेला सगळा फोन त्या सावधपणातच जायचा. तो प्रश्न तिने सोडला. वही बंद झाली. फोनवर ती आता मुलाने दिवसभरात काय उद्योग केले ते रंगवून सांगू लागली. मग तोही मेसमधलं जेवण, बरोबरच्या एखाद्याचं घोरणं असं काहीबाही बोलू लागला.

बातम्यांचं आम्ही पक्कं ठरवलं. काही बरंवाईट झालं तर युनिटकडून घरी कळवतात. टीव्ही आणि ग्रुपवर फिरणारे मेसेज यांवर रात्र जाळायची नाही. युनिटमध्ये कोणाला फोन करायचा, बँकेत आणि ग्रुप इन्शुरन्सला नॉमिनी कोण, कागद कुठल्या फायलीत आहेत, हे नवऱ्याकडून सुट्टीत लिहून घ्यायला सांगितलं. सासूबाईंना ते अशुभ वाटलं. मी त्यांना बोलावून घेतलं, तासभर बोलले. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्या नावाचं पण एकदा बघून घ्या."

सुट्टीत तो स्वतः आला. उंच, शांत, खुर्चीच्या कडेला बसलेला. बॅगेचा विषय निघाल्यावर त्याला खरंच नवल वाटलं. "मॅडम, सुट्टीतून कधीही परत बोलावतात. अर्ध्या तासात निघायची सवय लागलीय. हिला वाईट वाटतं हे मला कळलंच नाही." मग बायकोकडे वळून म्हणाला, "आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मला घरचे निर्णय विचारू नकोस. डोकं तिथेच असतं." तीही पहिल्यांदाच बोलली, की वर्षभर घर ती चालवते आणि तो आला की सासरे तिला बाजूला सारून सगळं त्याला विचारतात. त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक बाईला बजावते. सुट्टीत आठवडेच्या आठवडे झोप नाही, दारू वाढतेय, क्षुल्लक कारणावरून भडका उडतोय, जगण्यातच रस नाही, ही नोकरीची सवय नव्हे, उपचाराची गरज आहे. आणि हात उगारणं तर कुठल्याही बॅजखाली माफ नाही. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची सोय असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो. 1 डिसेंबर 2023 ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, खास सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा कक्ष सुरू झाला. तिथे मदत मागितली म्हणून कोणी कमजोर ठरत नाही, हे नवऱ्याला बायकोच्या तोंडून ऐकायला मिळालं तर जास्त पटतं.

'हे आले की बघू' म्हणून तिने बी.एड. अडवून ठेवलं होतं. यंदा प्रवेश घेतला. मुलाला सासूबाई सांभाळतात. बॅग अजून पलंगाखालीच असते, त्याबद्दल ती आता भांडत नाही. सध्या माझ्याकडे येते ती मुलासाठी, कारण शाळेत तो सगळ्यांना सांगतो की माझे बाबा फोनमध्ये राहतात.