मारुती ८०० च्या पुढच्या काचेतून पाणी गळायलंय? सिलिकॉनची ट्यूब आधी बाजूला ठेवा

भाऊ, तुमचं दुखणं वाचलं आणि माझे स्वतःचे दोन पावसाळे डोळ्यापुढं आले. तुमची १९९९ ची ८००, पाऊस पडला की ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढं पायात तळं, परभणीत दोनदा सिलिकॉन मारून झालं तरी गळायलंच, आणि आता काचवाला म्हणतोय पूर्ण काचच बदला. काच बदलू नका. तडा गेलेला नाही, कडेनं दुधासारखी पांढरी पडलेली नाही, मग काचेचा काय गुन्हा? पाणी काचेतून येत नसतंय, काचेच्या भवतालून येतंय, आणि कधीकधी तर तिथूनबी नाही.

ज्यांनी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात दिवस काढलेत त्यांना हे लगेच कळंल. पाणी टपकायचं चुलीपाशी आणि भोक असायचं पार पल्याडच्या कोपऱ्यात, कारण ते मातीतून खाली उतरायचं, किलचाच्या, म्हणजे मातीखालच्या लाकडांच्या कडंकडंनं पळत यायचं आणि मन मानंल तिथं टपकायचं. आमचे वडील जिथं पातेलं ठेवलंय त्याच्या बरोबर वर कधीच पांढरी माती टाकायचे नाहीत, चढाच्या बाजूनं भेग शोधत जायचे. गाडीत किलचाच्या जागी पत्र्याची घडी आणि वायरिंगचा जुडगा असतो एवढाच फरक. वरच्या डाव्या कोपऱ्यातून घुसलेलं पाणी काचेच्या बाजूच्या खांबाच्या आतून उतरून मॅटखाली निघतं, आणि आपण खालच्या कडंला सिलिकॉन फासत बसतो.

त्यामुळं आधी शोधायचं. आणि शोधायच्याही आधी ते पाणी पावसाचंच आहे का ते बगा. एसी लावल्यावरच ओल येत असंल, उन्हाळ्यातबी येत असंल, तर एसीच्या कूलिंग कॉईलचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असती, ती साफ केली की विषय संपला. बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे, मग काचेचा काही संबंध नाही, रेडिएटरवाल्याकडं जा.

दुसरं, गाडी लिंबाखाली लावता का? कडूलिंब म्हणायलोय. बॉनेटच्या मागं, काचेच्या पायथ्याला जी जाळी असती ना, तिच्यातून आत ब्लोअरला हवा जाती, आणि तिथं पडलेलं पावसाचं पाणी दोन्ही बाजूंनी खाली निघून जावं अशी सोय असती. पानगळीचा पाला, मग मोहर, मग लिंबोळ्या, वरून आपली धूळ, हे सगळं तिथं साचून शेणकाल्यासारखं घट्ट होतं, पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या तोंडातून सरळ आत येतं. माझ्या गाडीतून ओंजळ ओंजळ करून निम्मं घमेलं निघालं होतं, खोटं नाही सांगत. गाडी नुसती उभी असतानाच पाणी येतंय, तेबी उतारावर तोंड करून लावली की जास्त, असं असंल तर माझा पहिला संशय ह्या जाळीवर. चालत्या गाडीत, हायवेला पावसात जास्त येतंय असं असंल तर वरची कड किंवा कोपरे बगा, तिथं वारा पाण्याला रबराच्या खाली दाबतो.

आता शोधायची पद्धत. कोरड्या दिवशी पुढच्या मॅट आणि खालचा फोम काढा, पत्रा पुसून कोरडा करा, वर पेपर अंथरा. डॅशबोर्डच्या खालच्या कडंला, दोन्ही खांबांना पावडर मारा, साधी अंगाला लावायची, पाणी जिथनं जाईल तिथं रेघ उमटती. एक माणूस आत हातबॅटरी घेऊन बसवा आणि बाहेरून पाईपनं पाणी सोडा, पण वॉशिंग सेंटरवाल्यासारखं जोरात नाही, पाईपचं तोंड मोकळं, नुसती धार. आणि खालून वर यायचं, हे लई महत्त्वाचं. आधी जाळी पाच मिनिटं, मग काचेची खालची कड, मग एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी वरची कड आणि छताच्या कडेची पन्हळ. वरून चालू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणती जागा दोषी ते कधीच कळत नाही. आमच्या घरी आत मुलगी बसली होती, दहा मिनिटं काहीच नाही आणि मी वरच्या डाव्या कोपऱ्याला पाईप नेला तशी ती ओरडली, आलं आलं! पाईप कोपऱ्यावर आणि पाणी तिच्या पायापाशी, सव्वा मीटरचं अंतर.

घरात पाईप नसंल, पाणीच नसंल (२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली कुणाची काच गळत होती ते कुणाला कळलंच नसंल), तर दुसरा उपाय. काचा सगळ्या बंद, ब्लोअर फुल, हवा बाहेरून घेणारा ऑप्शन चालू, आणि बाहेरून रबराच्या कडंनं शॅम्पूचा फेस ब्रशनं लावत जा. गळकी जागा असंल तिथं बुडबुडे फुटतात. बारीक गळती ह्याच्यात सापडंलच असं नाही, पण पाणी न घालवता मोठी जागा कळती.

आता सिलिकॉनवर माझा राग कशाचा आहे ते सांगतो. आंबूस व्हिनेगरसारखा वास येणारी जी साधी ट्यूब मिळती ती वाळताना ॲसिड सोडती, उघड्या पत्र्यावर त्यानं गंज वाढतो. शिवाय ती एकदा लागली की तिच्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. आणि वरून बाहेरची कड बंद केल्यावर आत आधीच घुसलेलं पाणी बाहेर यायचा रस्ताबी बंद. म्हणजे आपण गंजाला झाकण लावून दिलं. माझ्या गाडीला मीच दोन सीझन हे केलंय, दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोयच नाही.

८०० ची पुढची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसलेली असती, चिकटवलेली नसती. रबराला दोन खाचा, एकीत काच, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, त्यात गाडी दिवसभर उभी, वीस-पंचवीस वर्षांत ते रबर कडक होऊन आकसणारच, कोपऱ्यात आधी. नखानं दाबून बगा. दबून परत आलं, भेगा नाहीत, तर रबर जिवंत आहे. मग फक्त जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा, रबराची ओठ पट्टीनंच हलकी उचला (स्क्रू ड्रायव्हर घालू नका, काचेची कड टिचती), आणि आत न वाळणारं, कायम मऊ राहणारं ब्यूटाईलचं विंडस्क्रीन सीलंट भरा. काच आणि रबराच्या मधेबी, रबर आणि पत्र्याच्या मधेबी, कारण ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक एकच बंद करतात. पेट्रोलनं रबर पुसू नका, फुगतं.

नखानं दाबल्यावर रबर कडक लागलं, कोपऱ्यात रंग फुगलेला दिसला, तर काच काढल्याशिवाय भागणार नाही. जुनं रबर वाचवायच्या नादाला लागू नका, बाहेरची ओठ ब्लेडनं सगळीकडून कापून टाका म्हणजे काच अलगद निघती, आतून पायानं ढकलायची भानगड नाही. पुढची काच दोन पदरी असती, मधे प्लास्टिकचा पदर, मधोमध बुक्की सहन करंल पण कडंला टिचकी नाही. काढली की गादीवर ठेवा.

माझी काढली तेव्हा वरच्या कोपऱ्यात पत्रा पापडासारखा पदर पदर सुटत होता. पेंटर म्हणला लांबी (पुट्टी) भरून देतो साहेब, दिसणार नाही. दिसणार नाही हे खरं, पण त्या कडंवर रबर पकडून बसतं, लांबीवर काय पकडंल? वेल्डिंगवाल्याकडून दोन इंचाचा तुकडा जोडून घेतला, बाकीचा गंज वायर ब्रशनं चमकेपर्यंत घासला, इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि चांगला वाळू दिला. पेंटर घाई करंल, करू द्या. ओल्या रंगावर रबर बसवलं की दोरी ओढताना रंग सोलून निघतो.

बसवायची मजा दोरीत आहे. नवीन रबर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतं, मग काचेवर चढवा, जोड असंल तर कोपऱ्यात येऊ देऊ नका. बॉडीच्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवा, दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून नेऊन आत सोडा. पत्र्याच्या कडंला साबणाचं पाणी लावा. बाहेरच्यानं काच नीट मधात धरून तळहातानं दाबत राहायचं, आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाती तशी रबराची ओठ पत्र्यावरून उडी मारून आत येती, फट् फट् फट्, ऐकायला लई भारी वाटतं. कुठं अडलं तर जोर लावू नका, परत साबण. भर दुपारी तापलेल्या काचेवर हे करू नका आणि तापलेल्या काचेवर गार पाणीबी ओतू नका. सीलंट बसवून झाल्यावर भरा, दुसऱ्या दिवशी पाईप लावून बगा.

हे सगळं रबरवाल्या गाड्यांचं, ८००, ओम्नी वगैरे. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत काच युरेथेन नावाच्या गोंदानं चिकटवलेली असती, ते घरी करू नका, तिथं काच बॉडीच्या मजबुतीचा भाग असती. काळ्यापिवळ्या जुन्या जीपवाल्यांनी काचेच्या आधी फ्रेम जिथं टेकती तिथली खालची रबर पट्टी बगावी, बहुतेक पाणी तिथूनच असतंय.

आणि भाऊ, गळती थांबली तरी मॅटखालचा फोम ओला असंल तर काढून दोन-चार दिवस उन्हात टाकाच. मी टाकला नव्हता. पोळ्याच्या सुमाराला सीट सरकवली तर खाली कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. बायको म्हणली, वावरात काही येईना, आता इथंच पेरा.