वंदा, बांडगूळ आणि वृक्षरुहा

विलेपार्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, पुष्पप्रदर्शनात पाहिलेल्या ‘ब्लू वंदा’ या ऑर्किडला मराठीत निळे बांडगूळ म्हणता येईल काय. म्हणता येणार नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही झाडावरच्या प्रत्येक हिरव्या झुबक्याला बांडगूळ म्हणणारे भेटतात आणि ते ऐकून कान किटले आहेत. बांडगूळ आपली शोषकमुळे फांदीत घुसवून झाडाचे पाणी पळवते. ऑर्किड फांदीवर नुसते बसते आणि मुळांवरच्या स्पंजासारख्या आवरणाने पावसाचे पाणी टिपते. राजकारणातला लाक्षणिक अर्थ सर्वांना पाठ आहे, तो सोडून देतो.

खरी गंमत ‘वंदा’ या नावात आहे. अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘वन्दा वृक्षादनी वृक्षरुहा जीवन्तिकेत्यपि’ अशी ओळ येते आणि तिथली वन्दा म्हणजे बांडगूळच. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हा शब्द एका ऑर्किडला लावला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापला गेला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रात पक्का केला. मात्र दोष जोन्सपेक्षा अमरसिंहाचा अधिक आहे. ‘अद्’ म्हणजे खाणे, म्हणून वृक्षादनी ही झाड खाणारी. ‘रुह्’ म्हणजे उगवणे, म्हणून वृक्षरुहा ही झाडावर नुसती उगवणारी. ज्याने किंवा जिने हा दुसरा शब्द घडवला, त्याला किंवा तिला हा भेद दिसला असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कोशकाराने मात्र दोघींना एकाच ओळीत कोंबले आणि पुढच्यांनी माना डोलावल्या. झाडावर नुसत्या वाढणाऱ्या वनस्पतीला, म्हणजे इंग्रजी ‘एपिफाइट’ला, मराठी विश्वकोशाने दिलेला ‘अपिवनस्पती’ हा शब्द शास्त्रशुद्ध आहे, कारण संस्कृत ‘अपि’ ग्रीक ‘एपि’चा सख्खा भाऊ आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून ‘हीसुद्धा वनस्पतीच’ एवढाच बोध होतो. हाताशी वृक्षरुहा असताना हा खटाटोप कशासाठी?

हा भेद केवळ कोशापुरता नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८५० मध्ये आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांतून सात माणसांची ओझी भरतील इतक्या निळ्या वंदा लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानासाठी गोळा केल्या, त्यांतल्या थोड्याच जिवंत पोहोचल्या. आज तिला कायद्याचे संरक्षण असले तरी जुने वृक्ष तुटले की तिचा आधारच जातो, आणि तिच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसल्याने योग्य बुरशी भेटल्याखेरीज नव्या फांदीवर त्या रुजत नाहीत. बांडगूळ काढल्याने झाड वाचते; वृक्षरुहा मात्र झाड राखले तरच वाचते. तेव्हा मराठी नाव हवेच असेल, तर ‘नील वृक्षरुहा’ म्हणावे.